वर्ष सरायचे आहे अशा घरात पाच जणांचे थँक्सगिव्हिंग कसे करावे?

कृष्णाकाठ (कोलंबस, ओहायो), ९ नोव्हेंबर २०२५

सर्वांना नमस्कार. आम्ही तेरा वर्षे कोलंबसजवळ राहतो आणि थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या कृतज्ञतेच्या सुट्टीच्या, गुरुवारी इथल्या सात-आठ मराठी कुटुंबांनी एकत्र जेवायचे, हा आमचा ठरलेला परिपाठ आहे. यंदा मात्र आम्ही तिथे जाणार नाही. जूनमध्ये सांगलीला माझे सासरे वारले. दिवसकार्य उरकून आम्ही परत आलो आणि सप्टेंबरात सासूबाईंना काही महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण करायचा नाही, पुरण-तळण करायचे नाही, असा आमच्या घरचा रिवाज आहे. दिवाळीतही आम्ही दाराशी एक पणती तेवढी लावली आणि फराळाचे डबे मैत्रिणींनी आणून दिले.

मुलगी मिशिगनमध्ये शिकते. ती २६ तारखेला, बुधवारी, घरी येईल आणि रविवारी परत जाईल. तिने फोनवर सांगितले, “आई, बाहेर नको, पण आपण पाच जण तरी एकत्र बसून नीट जेवू या.” तिच्या आजोबांना शेवटचे भेटायला तिला जाता आले नव्हते, हे तिच्या मनात अजून आहे. धाकटा अकरा वर्षांचा आहे. शाळेत या दिवसाबद्दल बरेच बोलणे झाल्यामुळे त्याला या दिवशी भाजून खातात ती टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) हवी आहे.

इथे मला दोन गोष्टींबद्दल सल्ला हवा आहे. पहिली म्हणजे, २७ तारखेचा गुरुवार हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. सासूबाई लग्न झाल्यापासून हे गुरुवार करतात. यंदा घट मांडायचा नाही असे त्यांनीच ठरवले आहे, परंतु उपास मोडायला त्या तयार नाहीत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्या दिवशी घरात सामिष शिजणे त्यांना सोसणार नाही, जरी तोंडाने त्या तसे कधीच म्हणणार नाहीत.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते आहे. मी जेवणाचा विषय काढला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही करा, मुलांची हौस मोडू नका. मी आपली खोलीत बसेन.” त्यांना खोलीत बसवून आम्ही चौघांनी जेवणे मला शक्य नाही, आणि मुलीचे मागणेही मला टाकवत नाही. कोणी अशा वर्षात हा दिवस लहान प्रमाणात केला असेल, तर वेळ, स्वयंपाक आणि एकंदर रीत कशी ठेवली, ते कृपया सविस्तर लिहावे.

---

ओसरी (एडिसन, न्यू जर्सी), ९ नोव्हेंबर

कृष्णाकाठताई, सासऱ्यांच्या जाण्याबद्दल वाचून वाईट वाटले.

सगळ्यात आधी वेळ बदला, कारण तुमची निम्मी अडचण तिथेच सुटते. इथली पुष्कळ कुटुंबे थँक्सगिव्हिंगचे जेवण दुपारीच करतात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास संध्याकाळी दिवेलागणीनंतर सुटतो. नोव्हेंबरअखेरीस तुमच्याकडे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. देवापाशी दिवा लावून सहाला पाने घेतलीत, तर मुलांचे थँक्सगिव्हिंग आणि आईंचे उपास सोडणे एकाच पंगतीत होईल, आणि त्यांना खोलीत बसण्याचे कारणच उरणार नाही. २०२२ सालीही असेच झाले होते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच, २४ नोव्हेंबरला, मार्गशीर्ष सुरू झाला होता आणि आम्ही हेच केले होते. माझ्या आईचा उपास होता. ताट समोर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “आज उपास सोडायला सगळे घर बसले आहे.”

स्वयंपाकाबद्दल मला मनापासून एक सांगायचे आहे. उपासाला चालणारे जिन्नस एकदा डोळ्यांपुढे आणा : रताळी, बटाटे, शेंगदाणे, राजगिरा, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद. या सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडात आहे. लाल भोपळा, मका आणि मिरचीही तिथलीच. युरोपीय गलबतांनी हे सारे गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे पोहोचवले आणि आपल्या आज्यांनी त्यातले बरेचसे उपासाला चालवून घेतले. वरी मात्र आपली जुनीच. तेव्हा आईंच्या उपासाचे ताट आणि तुमच्या मुलीला हवे असलेले ताट ही एकाच मातीतली आहेत. दुपारी त्यांच्यासाठी रताळ्याचा कीस करा आणि तोच सगळ्यांना थोडा थोडा द्या. संध्याकाळी भाजलेल्या लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, त्यावर मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी आणि वरून दाण्याचे कूट, मक्याच्या दाण्यांची उसळ, लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा, वरण-भात आणि क्रॅनबेरीची (लहान, लाल, आंबट फळांची) चटणी एवढे पुष्कळ झाले. यात तळण नाही आणि पुरणही नाही.

क्रॅनबेरीची चटणी आईंनाच करायला सांगा, कारण ती आपल्या हाताला अगदी सवयीची वाटते. बारा औंसांची एक पिशवी धुऊन अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर ठेवायची. पाच-सात मिनिटांत फळे एकेक करून टचटच फुटू लागतात. बहुतेक फुटली की वाटीभर चिरलेला गूळ आणि मीठ घालायचे, वेगळ्या पळीत तेल तापवून मोहरी, मेथीदाणे, हिंग आणि शेवटी लाल तिखट घालून ती फोडणी वर ओतायची. पातळ दिसली म्हणून आटवत बसू नये, कारण थंड झाल्यावर ती आपोआप दाट होते.

बाजारातून तयार गोष्टी आणणार असाल, तर डब्यांवरचा बारीक मजकूर नक्की वाचा. रताळ्यांवर घालतात त्या मार्शमेलोत प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले जिलेटिन असते. खोक्यातल्या स्टफिंगमध्ये (पावाच्या तुकड्यांच्या मसालेदार सारणात) पुष्कळदा कोंबडीचा अर्क असतो, आणि ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या काही तयार पाऱ्यांमध्ये डुकराची चरबी असते. पंपकिन पायच्या सारणात अंडे असते. आई अंडे खात नसतील, तर त्यांच्यासाठी भोपळ्याची दुधातली साधी खीर करा. डब्यातला भोपळा घेताना ‘पाय मिक्स’ असे लिहिलेला घेऊ नका, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो. बरीच मोठी दुकाने गुरुवारी बंद असतात, तेव्हा बुधवारपर्यंत सगळे आणून ठेवा.

---

पिंपळपान (शिकागोजवळ), १० नोव्हेंबर

मी १९७९ साली इलिनॉयमध्ये शिकायला आलो. त्या काळी विद्यापीठातून परदेशी विद्यार्थ्यांना थँक्सगिव्हिंगच्या दिवशी एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे जेवायला पाठवण्याची पद्धत होती. मला एका मका पिकवणाऱ्या वृद्ध जोडप्याच्या घरी पाठवले होते. टेबलाभोवती आम्ही चौघेच होतो. त्यामुळे थँक्सगिव्हिंग म्हणजे मोठा जमाव, हे माझ्या डोक्यात कधीच बसले नाही आणि पाच जणांच्या जेवणाला मी ‘लहान’ म्हणणार नाही. मी मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्या बाईंनी बटाट्यावर ओतायची ग्रेव्ही बाजूला ठेवली आणि माझ्या ताटात लोण्याचा एक गोळा वाढला. त्यांचा तो हात मला आजही दिसतो.

जेवणापूर्वी प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायचे, अशी त्यांच्याकडे रीत होती. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता येईना. इंग्रजी येत नव्हते असे नाही, पण असे बोलण्याची सवय आपल्या घरांत नसते. आभार मानायचे ते सभेत, शेवटच्या वक्त्याने. घरात आई वाढते तेव्हा तिला कोणी ‘धन्यवाद’ म्हटले, तर तिला ते परकेपणाचे वाटते. आपल्या माणसांचे आभार मानायचे नसतात, त्यांच्या ऋणात राहायचे असते, असे आपण मानतो. मी शेवटी एवढेच सांगितले की, माझ्या विमानाच्या तिकिटासाठी माझ्या मामांनी त्यांची दुभती म्हैस विकली. ते ऐकून ते शेतकरी गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण जनावर विकणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते.

तेव्हापासून आमच्या घरी ही फेरी मी त्याच पद्धतीने ठेवली आहे. ‘मी अमक्याबद्दल आभारी आहे’ असे कोणी म्हणत नाही. कोणाकडून काय मिळाले, ती एक घडलेली गोष्ट प्रत्येकाने सांगायची, आणि ती लहान असली तरी चालते. कृष्णाकाठताई, तुमच्या घरात यंदा ही फेरी आजोबांभोवतीच फिरेल आणि तसे होणे योग्यच आहे. मुलांना आधी बोलू द्या. सासूबाईंची पाळी शेवटी ठेवा आणि त्या बोलल्या नाहीत तर आग्रह करू नका. माझा अनुभव असा आहे की, घरातले माणूस गेल्यावर भेटायला येणारे लोक आजार, दवाखाना आणि शेवटचे दिवस एवढेच विचारतात. त्याआधीच्या पन्नास वर्षांबद्दल कोणी विचारत नाही, आणि त्या माणसाच्या बायकोला तेच सांगायचे असते.

एक सूचना करतो. गेलेल्या व्यक्तीसाठी टेबलावर एक खुर्ची रिकामी ठेवण्याची पद्धत इथे काही घरांत आहे, आणि मुलांना ती सुचेलही. आपल्याकडे गेलेल्याचे पान वाढणे हे श्राद्धाशी जोडलेले आहे. सासूबाईंना विचारल्याशिवाय तसे काही करू नये.

सण करावा की नाही, याबद्दलही थोडे लिहितो. सुतक बारा-तेरा दिवसांत संपते. त्यापुढे वर्षभर सण न करणे हा कुळाचा आणि लोकांचा रिवाज आहे, आणि तो प्रत्येक घराने आपापल्या दुःखाच्या मापाने पाळायचा असतो. घरच्या माणसांनी एकत्र बसून साधे जेवण जेवणे त्या रिवाजाच्या आड येत नाही.

---

मेपल (मिसिसागा, कॅनडा), १० नोव्हेंबर

आमच्याकडे थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते, म्हणजे यंदा ते १३ तारखेला झाले. आम्हीही तिघेच होतो. त्यावरून एवढेच सुचवते की, दिवसभराचा सगळा भार त्या एका जेवणावर टाकू नका. लहान कुटुंबात जेवण चाळीस मिनिटांत संपते आणि मग उरलेली संध्याकाळ अंगावर येते. सकाळी टीव्हीवर न्यूयॉर्कची मिरवणूक लावा, दुपारी आजींना गरम कपडे घालून जवळच्या बागेत एक चक्कर मारून आणा, आणि एखादे काम सगळ्यांनी मिळून करायचे म्हणून राखून ठेवा. आम्ही जुन्या छायाचित्रांचा एक डबा उघडून प्रत्येकामागे नावे आणि साल लिहिले. वडीलधारी माणसे जवळ असतानाच ती नावे कळतात.

---

रानजाई (बॉस्टनजवळ), ११ नोव्हेंबर

मी या देशात वाढले. शाळेत आम्हाला कागदी टोप्या आणि पिसे लावून जे थँक्सगिव्हिंग शिकवले, ते पुढे वाचनात आलेल्या इतिहासाहून फार निराळे होते. अकरा वर्षांच्या मुलाला खरी हकीकत समजते. तुमच्या घराला यंदा ती जवळचीही वाटेल, असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून निघालेले १०२ प्रवासी १६२० च्या नोव्हेंबरात या किनाऱ्याला लागले. पहिल्याच हिवाळ्यात थंडी, आजार आणि उपासमार यांनी त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. त्यांनी प्लिमथला जिथे वस्ती केली, तिथे आधी पटक्सेट नावाचे, वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात आलेल्या साथीने ते गाव ओस पडले होते. त्या गावचा वाचलेला तिस्क्वांटम हा पुरुष या नव्या लोकांना मका पेरायला शिकवत होता. १६२१ च्या शरदात पीक हाती आल्यावर जे तीन दिवसांचे जेवण झाले, त्याबद्दल एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात थोडक्यात लिहिलेले आहे : मॅसासोइट हा प्रमुख सुमारे नव्वद माणसांसह आला आणि त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली. म्हणजे त्या जेवणाला बसलेल्या दोन्ही बाजूंच्या जवळपास प्रत्येक माणसाने थोड्याच वर्षांत आपले कोणीतरी गमावले होते. शाळेतल्या चित्रांत हे कधी दिसत नाही.

पुढे हा सलोखा टिकला नाही, आणि १६७५ साली सुरू झालेल्या युद्धात वाम्पानोआग लोकांचा फार मोठा संहार झाला. म्हणूनच १९७० पासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या कोल्स हिल या टेकडीवर मूळनिवासी लोक राष्ट्रीय शोकदिन पाळतात. त्याच टेकडीवर पहिल्या हिवाळ्यात मेलेल्या वसाहतवाल्यांना पुरले होते. मी दोनदा तिथे गेले आहे. समुद्राचा वारा बोचरा असतो, लोक भाषणे ऐकत उभे असतात आणि पुष्कळ जणांनी त्या दिवशी उपास केलेला असतो. तुमच्या सासूबाईंच्या उपासाचे वाचल्यावर मला ती टेकडीच आठवली.

आजच्या सुट्टीमागची दुसरी हकीकत सासूबाईंनाही सांगण्यासारखी आहे. सारा जोसेफा हेल यांचे पती १८२२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या पदरी पाच मुले होती. त्यांनी लेखन आणि संपादन करून घर चालवले आणि जन्मभर काळीच वस्त्रे वापरली. सगळ्या देशाने एकाच दिवशी थँक्सगिव्हिंग पाळावे, यासाठी त्या अनेक वर्षे राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहीत राहिल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिले आणि ३ ऑक्टोबरला लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. यादवी युद्ध तेव्हा ऐन भरात होते आणि गेटिसबर्गच्या लढाईला तीन महिने झाले होते. त्या घोषणेत विधवा, अनाथ आणि शोक करणारे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. चौथा गुरुवार हा आजचा नियम १९४१ च्या कायद्याने आला.

हे सगळे टेबलावर व्याख्यानासारखे सांगू नका. मुलाला आदल्या रात्री सांगा. त्याला सांगावेसे वाटले, तर तोच आजीला सांगेल.

---

कृष्णाकाठ, १२ नोव्हेंबर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्यामुळे मला मोठाच धीर आला. संध्याकाळी सहाची वेळ ठरवली आहे. ओसरीताईंचा मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला तेव्हा रताळी आणि साबुदाणा मूळचे इकडचे आहेत, हे ऐकून त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षे इथलेच खाऊन उपास करत होते.” आता राहिला मुलाच्या टर्कीचा प्रश्न. ती शुक्रवारी करावी असे आम्ही मुलाशी बोलून ठरवले आहे आणि तो राजी आहे. तिघांपुरती, स्वयंपाकघरात न आणता कशी करता येईल?

---

शेगडी (ऑस्टिन, टेक्सस), १२ नोव्हेंबर

माझी आई वर्षातून पाच-सहा महिने आमच्याकडे असते आणि तीही शाकाहारी आहे, त्यामुळे या कामाची मला चांगली सवय आहे.

अख्खा पक्षी मुळीच आणू नका. दर माणशी एक ते दीड पौंड धरतात, आणि दहा-बारा पौंडांखालची टर्की सहसा मिळत नाही. हाडासह छातीचा भाग, पाच पौंडांच्या आसपासचा, घ्या. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या सँडविचलाही उरेल. तो गोठलेला मिळतो आणि फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना चोवीस तास या हिशेबाने सुटतो. शुक्रवारी दुपारी करायचा असेल, तर बुधवारी सकाळी खाली काढा. गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज असेल तर तोच वापरा. नसेल, तर खोलगट ट्रेमध्ये झाकून सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पाणी कशावरही गळणार नाही. बाहेर ओट्यावर ठेवून सोडवू नका आणि शिजवण्यापूर्वी धुऊही नका. धुताना शिंतोडे सगळीकडे उडतात.

गुरुवारी रात्री जेवणे आटोपल्यावर त्याला मीठ, मिरपूड आणि थोडी लसूण चोळून परत फ्रिजमध्ये ठेवा. शुक्रवारी अंगणातल्या झाकणाच्या ग्रिलवर, ॲल्युमिनियमच्या टाकाऊ ट्रेमध्ये, एका बाजूचा जाळ बंद ठेवून त्या बाजूला हा ट्रे ठेवा. झाकणाखालचे तापमान ३२५ फॅरनहाइटच्या आसपास राहिले, तर दोन तासांच्या मागेपुढे होतो, पण घड्याळावर विसंबू नका. तापमापकाची सुई मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, खोचा आणि १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, दिसल्यावरच उतरवा. वीस मिनिटे तसाच झाकून ठेवून मग कापा. उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे आणि तीन-चार दिवसांत संपायला हवे. सुरी, फळी आणि चिमटा वेगळा ठेवा. तुमच्या सासूबाई काही बोलणार नाहीत, पण ती वेगळी फळी त्यांच्या नजरेला पडली की त्या निर्धास्त होतील.

---

कृष्णाकाठ, ३० नोव्हेंबर

मुलगी आताच परत गेली. आपण सर्वांनी विचारपूस केली होती, म्हणून झाले ते लिहिते.

बुधवारी चंपाषष्ठी होती. मुलगी दुपारी पोहोचली तेव्हा सासूबाई गॅसवर वांगी भाजत होत्या. नैवेद्यापुरते भरीत आणि बाजरीची एक भाकरी त्यांनी स्वतःहून केली होती. चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि ते या दिवशी सुटते, हे नातीला त्यांनीच समजावले. त्या रात्री मी मुलाला रानजाईताईंनी लिहिलेली प्लिमथची हकीकत सांगितली.

गुरुवारी मेपलताईंनी सुचवल्याप्रमाणे सकाळी मिरवणूक पाहिली आणि मग डेट्रॉइटचा फुटबॉलचा सामना लावला. दुपारी रताळ्याचा कीस झाला. चारच्या सुमारास क्रॅनबेरी पातेल्यात फुटू लागल्या तेव्हा सासूबाई झाकण हातात धरून वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मोहरी तडतडते तशीच, पण हिला घाई नाही.” गूळ त्यांनी माझ्या मापापेक्षा मूठभर कमी घातला, आणि चटणी त्यामुळेच चांगली झाली.

सव्वापाचला त्यांनी देवापाशी दिवा लावला. घट नव्हता. पोथी त्यांनी मनातल्या मनात वाचली. सहाला आम्ही पाचही जण टेबलाशी बसलो. रिकाम्या खुर्चीबद्दल मी त्यांना आदल्या दिवशी विचारले होते. त्या नको म्हणाल्या, म्हणून सहावी खुर्ची वर नेऊन ठेवली.

मुलाने सुरुवात केली. सांगलीला गेल्यावर आजोबा त्याला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून मार्केट यार्डात नेत आणि हळदीच्या पोत्यांमधून चालताना त्याचे पांढरे बूट पिवळे होत, असे त्याने सांगितले. मुलीने आजोबांनी तिला पाठवलेल्या शेवटच्या ध्वनिसंदेशाबद्दल सांगितले. त्यात त्यांनी फक्त “अभ्यास होतो का, झोप होते का” एवढेच विचारले होते. तिला पुढे बोलता आले नाही, आणि तिच्या वडिलांनाही बोलता आले नाही.

सासूबाई बोलतील असे मला वाटले नव्हते. पिंपळपानकाकांनी लिहिल्याप्रमाणे मी आग्रह केला नाही आणि वाढायला उठले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “२००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी आपल्या ओट्याला लागले, तेव्हा घरात ज्वारीची चार पोती होती. यांनी पोत्यांना हात लावला नाही. आधी माझे शिवणयंत्र उचलून माळ्यावर नेले. मी म्हटले, खायचे काय? तर म्हणाले, ज्वारी परत मिळेल, तुझ्या हाताची सवय या यंत्राला आहे.” माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली, पण ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. माझ्या नवऱ्यालाही ती ठाऊक नव्हती. त्या वेळी तो पुण्यात नोकरीला होता. त्यानंतर पुराच्या, यंत्राच्या आणि त्यावर शिवलेल्या कपड्यांच्या गोष्टी निघाल्या. भात निवला, म्हणून मी तो दोनदा गरम केला, आणि आम्ही उठलो तेव्हा साडेनऊ वाजले होते.

शुक्रवारी शेगडीदादांच्या पद्धतीने डेकवर टर्की झाली. तापमापक मुलाने धरला होता. सासूबाई काचेच्या दाराआड खुर्ची घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी दार बोटभर उघडून त्याला विचारले, “नीट शिजले का रे? कच्चे खाऊ नकोस.”

आज मुलगी निघताना त्यांनी क्रॅनबेरीच्या चटणीची एक बाटली तिच्या पिशवीत घातली. पुढच्या गुरुवारसाठी त्यांनी मला क्रॅनबेरीच्या आणखी दोन पिशव्या आणायला सांगितल्या आहेत. इकडे शिवणयंत्र कुठे मिळते, हेही त्या विचारत होत्या. कोलंबसच्या आसपास हाताने किंवा पायाने चालवायचे जुने यंत्र कुठे मिळेल हे कोणाला माहीत असेल, तर कृपया कळवावे.